रेंज असताना आणि नसताना : कोकणातील नवशिक्यांसाठी स्मार्टफोन आणि ॲपची ओळख

गणपतीला गावी आलेला चाकरमानी परत जाताना आपला जुना स्मार्टफोन आईवडिलांकडे ठेवून जातो, आणि विसर्जनाच्या गडबडीत शिकवलेल्या गोष्टींपैकी फोन उचलणे आणि व्हॉट्सॲप उघडणे एवढेच मागे उरते. हा लेख अशा वाचकांसाठी आहे. कोणते बटण कोठे आहे हे पाठ करण्यात फारसा अर्थ नाही, कारण ॲप (म्हणजे फोनमध्ये एखादे ठरावीक काम करणारा प्रोग्राम) अद्ययावत केल्यावर ते बटण जागेवर असेलच असे नाही. त्यापेक्षा प्रत्येक ॲप उघडताना एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी : याचे काम फोनच्या आत होते, की दूरच्या एखाद्या संगणकावर? सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, भरपूर रेंज आणि खाली खाडीकाठच्या वाडीत शून्य, अशी स्थिती असलेल्या आपल्या किनारपट्टीवर या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असणाऱ्याचे काम सहसा अडत नाही.

हातातला संगणक

आयफोन २००७ मध्ये आणि अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन २००८ मध्ये बाजारात आला. त्यानंतर फोन हे बोलण्याचे यंत्र न राहता खिशात मावणारा संगणक झाले. संगणकाचे सगळे अवयव त्यात आहेत. गणिते करणारा प्रोसेसर आहे. चालू असलेले काम तात्पुरते धरून ठेवणारी रॅम आहे. आणि फोटो, व्हिडिओ, ॲप कायम साठवणारे स्टोरेज आहे. विकत घेताना या शेवटच्या दोन्हींचे आकडे जीबी या माहिती मोजण्याच्या एककातच सांगितले जातात, त्यामुळे नवशिक्यांचा गोंधळ उडतो. रॅम कमी असेल तर फोन अडखळत चालतो. स्टोरेज भरले तर नवा फोटो काढता येत नाही आणि ॲपही अद्ययावत होत नाही. शिमग्याच्या पालखीचे व्हिडिओ आणि रोजच्या सुप्रभात संदेशांमुळे बहुतेक फोन भरतात, हे जाता जाता सांगून ठेवतो.

टेबलावरच्या संगणकाकडे नसलेल्या दोन गोष्टी मात्र फोनकडे असतात. पहिली म्हणजे संवेदक : आपण कोठे आहोत हे ओळखणारा जीपीएस, फोन आडवा धरला की उभा हे कळणारा, कानाजवळ नेताच पडदा बंद करणारा. दुसरी म्हणजे निरनिराळे रेडिओ : मोबाइल टॉवरशी बोलणारा, घरातल्या वाय-फायशी बोलणारा आणि जवळपासच्या उपकरणांसाठीचा ब्लूटूथ. चालता-फिरता संगणन ज्याला म्हणतात, ते या दोहोंच्या जोरावर चालते. एसटी रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे धावत असताना आपला कॉल एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मधल्या दरीत दुसरा टॉवरच नसेल तर मात्र कॉल तुटतो.

सुरुवात स्वतःच्या खात्याने

जुना फोन मिळाला असेल तर त्यात आधीच्या मालकाचे गुगल खाते बहुधा तसेच असते. ते तसेच ठेवून वापर सुरू करणे ही सर्वांत जास्त आढळणारी आणि पुढे सर्वांत त्रास देणारी चूक आहे. मुलाचे मुंबईतले संपर्क आणि आईचे गावातले संपर्क एकत्र होतात, एकाने काढलेला फोटो दुसऱ्याला दिसतो, आणि मुलाने पासवर्ड बदलला की गावात फोनच अडून बसतो. म्हणून आधी जुन्या मालकाने आपले खाते काढून टाकावे, नंतर सेटिंगमध्ये जाऊन फोन पूर्णपणे पुसून कोरा करावा. हा क्रम उलटा करू नये. खाते न काढता दुसऱ्या मार्गाने फोन पुसला तर पुन्हा सुरू होताना तो त्याच जुन्या खात्याचा पासवर्ड मागू शकतो.

कोरा फोन सुरू झाला की तो भाषा विचारतो. मराठी निवडावी. त्यानंतर स्वतःच्या नावाने खाते उघडावे आणि पासवर्ड विसरल्यास उपयोगी पडेल असा, घरातल्या विश्वासू माणसाचा दुसरा मोबाइल क्रमांक त्यात नोंदवावा. पासवर्ड वहीत लिहून ती वही कपाटात ठेवली तरी चालेल. फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठी करून ठेवू नये. सीम कार्ड स्वतःच्या नावावर असावे, आणि बँकेत नोंदवलेला क्रमांक तोच असावा. पुढे पैशांचे कोणतेही ॲप सुरू करताना बँक याच जोडणीवर विसंबून असते.

यानंतर तीन छोटी कामे उरकावीत. पडद्याला पिन लावावा, आणि तो जन्मसाल किंवा १२३४ असा नसावा. अक्षरांचा आकार डोळ्यांना सोसेल इतका मोठा करावा. चष्मा शोधत बसण्यापेक्षा हे सोपे आहे. मराठी कीबोर्ड चालू करून त्यातल्या माइकच्या चिन्हावर बोट ठेवून बोलून पाहावे. टंकलेखनाचा कंटाळा असणाऱ्यांना बोलून लिहिण्याची ही सोय फार मानवते, मात्र वाडीचे किंवा माणसाचे नाव आले की लिहिलेले एकदा वाचून मगच पाठवावे.

रेंज आणि नेट या दोन वेगळ्या गोष्टी

रेंज म्हणजे टॉवरशी असलेला रेडिओ संपर्क. नेट म्हणजे त्या संपर्कातून किंवा वाय-फायमधून जाणारी माहितीची देवाणघेवाण. रेंज असूनही नेट नसणे शक्य आहे, कारण दिवसाचा डेटा संपलेला असतो, डेटाचे बटण बंद राहिलेले असते किंवा टॉवरवर गर्दी झालेली असते. गणेशोत्सवात आणि मे महिन्यात गाव भरले की नेट संथ होते ते या गर्दीमुळे; एका टॉवरची क्षमता त्याच्या कक्षेतल्या सगळ्या फोनमध्ये वाटली जाते.

कमी वारंवारतेच्या लहरी दूरवर जातात आणि भिंतींतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. जास्त वारंवारतेच्या लहरी अधिक माहिती वाहतात, पण लवकर विरतात. चिऱ्याच्या जाड भिंतींच्या घरात, डोंगराच्या कुशीतल्या वाडीत फोनला रेंज मिळवण्यासाठी झगडावे लागते. टॉवर जितका दूर, तितक्या जास्त शक्तीने फोन संदेश पाठवतो, आणि म्हणूनच काहीही न करता ठेवलेला फोनसुद्धा अशा ठिकाणी गरम होतो आणि संध्याकाळपर्यंत त्याची बॅटरी उतरते. यावर तीन उपाय आहेत. जेथे ५जी, म्हणजे नव्या पिढीचे मोबाइल जाळे, जेमतेम पोहोचते तेथे सेटिंगमध्ये त्याआधीचे ४जी निवडून ठेवावे. रेंज मुळीच नसलेल्या जागी फोन विमान मोडवर, म्हणजे त्याचा टॉवरशी बोलणारा रेडिओ बंद करून, ठेवावा. आणि घरात वाय-फाय असेल, तर वाय-फाय कॉलिंग ही सोय चालू करावी. हँडसेट आणि सीम कंपनी दोघांचीही ती सोय असेल, तर टॉवरची रेंज नसतानाही नेहमीच्या क्रमांकावरून बोलता येते.

डेटाचा अंदाजही असू द्यावा. अक्षरांचा संदेश जवळजवळ काहीच डेटा खात नाही, फोटो थोडा खातो, व्हिडिओ सपाटून खातो. चांगल्या प्रतीच्या एका मिनिटाच्या व्हिडिओला साधारण ६० ते १३० एमबी लागतात (सुमारे हजार एमबी म्हणजे एक जीबी); दिवसाला दीड जीबीचा रिचार्ज असलेल्या माणसाने दहा-पंधरा मिनिटांचे चित्रण जसेच्या तसे पाठवले, तर त्या दिवशीचा बराचसा डेटा तेथेच खर्ची पडतो. व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवून घेण्याची सोय पहिल्याच दिवशी बंद करावी.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. गणकयंत्र, टॉर्च, कॅमेरा, गजर, आधी उतरवून ठेवलेली गाणी आणि पुस्तके यांचे काम फोनच्या आत होते, त्यांना रेंज लागत नाही. बातम्या, रेल्वेचे आरक्षण, बँक, हवामान यांचे काम दूरच्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर होते. फोन फक्त आपला प्रश्न तेथे पोहोचवतो आणि आलेले उत्तर दाखवतो. या दोहोंच्या मध्ये बसणारा एक मोठा गट आहे, आणि आपल्या भागात तोच सर्वांत उपयोगी आहे.

नकाशा हे त्याचे उत्तम उदाहरण. जीपीएसमध्ये फोन उपग्रहांना काहीही पाठवत नाही, फक्त त्यांचे संदेश ऐकतो आणि चार किंवा अधिक उपग्रहांच्या संदेशांतल्या वेळेच्या फरकावरून आपली जागा काढतो. त्यासाठी रेंज लागत नाही, रिचार्जही लागत नाही. नेट नसेल तर पहिल्यांदा जागा सापडायला थोडा वेळ अधिक जातो, इतकेच. नेट लागते ते नकाशाच्या चित्रासाठी. म्हणून कुंभार्ली किंवा आंबा घाटाने वर जायचे असेल, तर घरी वाय-फायवर असतानाच गुगल मॅप्समध्ये त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवावा. मग घाटात रेंज गेली तरी निळा ठिपका रस्त्यावरून सरकत राहतो; वाहतूक कोंडी आणि बंद रस्ते यांची ताजी माहिती मात्र मिळत नाही.

ॲप घेताना

अँड्रॉइड फोनमध्ये ॲप प्ले स्टोअरमधून आणि आयफोनमध्ये ॲप स्टोअरमधून घ्यावे. नवशिक्याने तिसरा मार्ग ठेवूच नये. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, वाहनाचे चलन किंवा बँकेची केवायसी (ग्राहकाची ओळख पडताळणी) अशा नावाने येणारी, शेवटी एपीके असे लिहिलेली फाइल ही पत्रिका नसते, तर फोनमध्ये शिरू पाहणारे ॲप असते. ते आत आले तर बँकेचे ओटीपी, म्हणजे एकदाच वापरायचे गुप्त आकडे, परस्पर वाचून पुढे पाठवू शकते. ओळखीच्या माणसाकडून आली असली तरी अशी फाइल उघडू नये, कारण त्याचा फोन आधीच फसलेला असू शकतो.

स्टोअरमध्ये एकाच नावाची चार ॲप दिसतात. अशा वेळी नावाखाली लिहिलेली निर्मात्याची ओळख वाचावी; सरकारी ॲपखाली संबंधित खात्याचे किंवा संस्थेचे नाव असते. ॲप उघडल्यावर ते परवानग्या मागते : कॅमेरा, माइक, ठिकाण, संपर्क, संदेश. येथे घराचा नियम लावावा. अनोळखी माणसाला आपण पडवीत बसवतो, ओळखीच्याला ओटीवर घेतो, माजघरात फक्त आपली माणसे येतात. नकाशाला ठिकाण लागते आणि व्हिडिओ कॉलला कॅमेरा लागतो हे समजण्यासारखे आहे, पण टॉर्चच्या ॲपला संपर्कांची यादी कशाला हवी? परवानगी देताना ‘फक्त ॲप वापरत असताना’ हा पर्याय असेल तर तोच निवडावा. नाकारल्याने ॲपचे काम खरोखरच अडले, तर परवानगी नंतरही देता येते.

माझ्या मते नवशिक्याला आठ-दहा ॲप पुरेशी होतात. सहा महिन्यांत एकदाही न उघडलेले ॲप काढून टाकावे.

किनाऱ्यावर कामाला येणारी ॲप

हवामानापासून सुरुवात करू. भारतीय हवामान विभागाचे ‘मौसम’ हे ॲप जिल्ह्यांचे इशारे रंगांत दाखवते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप आपल्या आसपास वीज पडत असल्याची सूचना देते. त्यासाठी त्याला आपले ठिकाण आणि नेट दोन्ही लागतात, म्हणजे कातळावर रेंज नसताना त्याच्यावर विसंबून गुरे राखत बसता येणार नाही. आणीबाणीच्या वेळी मोठा आवाज करून सरकारी इशारा थेट पडद्यावर उमटतो, तो मात्र निराळ्या पद्धतीने येतो : टॉवर आपल्या कक्षेतल्या सगळ्या फोनना एकदम संदेश देतो, त्यासाठी डेटा किंवा ॲप लागत नाही, फक्त रेंज लागते. फोनमधली ही सूचना बंद करून ठेवू नये.

समुद्रावर जाणाऱ्यांसाठी हैदराबाद येथील इन्कॉइस ही संस्था लाटांची उंची, वारा आणि मासळी मिळण्याची संभाव्य क्षेत्रे यांची माहिती देते. ‘समुद्र’ या तिच्या ॲपवरही ती पाहता येते. किनाऱ्यापासून दूर गेल्यावर टॉवर मागे राहतात, त्यामुळे ही माहिती बंदरातच वाचून तिचे पडद्यावरचे चित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, काढून ठेवावे. पुढे समुद्रात फोनचा जीपीएस जागा दाखवत राहतो, पण त्याच फोनवरून मदत मागता येत नाही. नौकांशी आणि किनाऱ्याशी थेट बोलणाऱ्या, नौकेवरच्या व्हीएचएफ रेडिओची जागा फोन घेऊ शकत नाही, हे तरुण खलाशांना स्पष्ट सांगितले पाहिजे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात हाताशी वेळ असतो, तेव्हा ही ॲप शांतपणे शिकून घ्यावीत.

बागायतदारांनी ‘ई-पीक पाहणी’ शिकून घ्यावी. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या या ॲपमधून शेतकरी स्वतः आपल्या सातबाऱ्यावर पिकाची नोंद करतो. गट क्रमांक निवडावा, पीक आणि क्षेत्र भरावे, आणि त्या जमिनीत उभे राहून पिकाचा फोटो काढावा. फोटोसोबत जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. म्हणूनच सड्यावरच्या आंबा-काजूच्या कलमांची नोंद घरात पडवीवर बसून होत नाही. जाण्यापूर्वी घरीच नेटवर ॲप उघडून ते अद्ययावत आहे आणि आपले जमिनीचे खाते त्यात दिसते आहे याची खात्री करावी, बॅटरी भरून घ्यावी, ठिकाणाची परवानगी चालू ठेवावी, आणि झाडांच्या दाट सावलीऐवजी मोकळ्या आभाळाखाली थांबून जागा नीट पकडली जाऊ द्यावी. कॅमेरा, जीपीएस आणि दूरचा सर्व्हर एका कामात कसे गुंफले जातात, हे समजून घ्यायला यापेक्षा जवळचे उदाहरण नाही.

रेल्वेसाठी २०२५ मध्ये आलेल्या ‘रेलवन’ या ॲपवर आरक्षित आणि अनारक्षित दोन्ही तिकिटे मिळतात. कोकण रेल्वेच्या मार्गावर बोगदे पुष्कळ आहेत. तपासनीस समोर उभा असताना नेट शोधत बसण्यापेक्षा स्थानकावरच तिकीट उघडून पाहावे. आधार, वाहन परवाना यांसारखी कागदपत्रे ‘डिजिलॉकर’मध्ये ठेवता येतात; हे कागदपत्रे फोनमधून दाखवण्याचे सरकारी ॲप आहे.

पैशांचा व्यवहार

यूपीआय ही फोनवरून एका बँक खात्यातून दुसऱ्यात पैसे पाठवण्याची सेवा २०१६ मध्ये सुरू झाली आणि आज मासळी बाजारापासून फेरीबोटीच्या जेटीपर्यंत तिचे क्यूआर कोड दिसतात. पैसे पाठवताना आपली सूचना आपल्या बँकेकडे, यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय देयक महामंडळाकडे आणि समोरच्याच्या बँकेकडे अशी फिरून येते. मध्येच रेंज गेली की पडद्यावर ‘प्रलंबित’ असे दिसते. अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नयेत. बँकेचा संदेश किंवा खात्याची शिल्लक पाहून ठरवावे. खात्यातून रक्कम गेली पण समोरच्याला मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे व्यक्तीला पाठवलेली रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि दुकानदाराला दिलेली पाच दिवसांत आपोआप परत आली पाहिजे. नेट नसेल तर *९९# हा क्रमांक फिरवूनही लहान रकमा पाठवता येतात. त्यासाठी फक्त रेंज आणि बँकेत नोंदवलेले सीम पुरते.

यूपीआय पिन केवळ पैसे देण्यासाठी आणि शिल्लक पाहण्यासाठी लागतो, पैसे घेण्यासाठी कधीही लागत नाही. घरगुती निवास चालवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. पर्यटक असल्याचे भासवून कोणी फोन करतो, चार खोल्या एकदम ठरवतो, आगाऊ रक्कम पाठवतो म्हणून क्यूआर कोड धाडतो आणि तो स्कॅन करून पिन टाकायला सांगतो. कोड स्कॅन करून पिन टाकणारा पैसे देत असतो, घेत नसतो. तसेच व्हिडिओ कॉलवर अटक करणारा पोलीस अस्तित्वात नाही; असा कॉल सरळ बंद करावा. फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे, कारण पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता असते.

पाऊस, मीठ आणि वीज

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकल्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत वीज आणि मोबाइल सेवा कित्येक दिवस ठप्प होती. म्हणून पावसाळ्यापूर्वी एक पॉवर बँक भरून ठेवावी आणि महत्त्वाचे क्रमांक कागदावरही लिहून ठेवावेत. वादळाचा इशारा आला की फोन पूर्ण भरून घ्यावा, पडद्याचा उजेड कमी करावा, बॅटरी बचत चालू करावी. विजा चमकत असताना चार्जरला लावलेला फोन हातात धरू नये.

चार्जिंगच्या छिद्रात ओल असल्याची सूचना आली, तर फोन कोरड्या हवेत उलटा ठेवून वाट पाहावी. तांदळाच्या डब्यात पुरण्याचा उपाय सोडून द्यावा. तांदळाचे बारीक कण छिद्रात शिरून नुकसानच करतात. पाण्यापासून संरक्षण असलेल्या फोनची चाचणीही गोड्या पाण्यात झालेली असते, समुद्राच्या पाण्यात नव्हे. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडाले असतील तर फोन बंद करून गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने पुसावा आणि पूर्ण वाळल्याशिवाय चार्जिंगला लावू नये. मे महिन्याच्या उन्हात होडीच्या फळीवर किंवा गाडीच्या काचेमागे फोन ठेवणे टाळावे, कारण उष्णतेने लिथियम बॅटरीचे आयुष्य लवकर घटते.

फोन हरवल्यास

*#०६# फिरवल्यावर पडद्यावर पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या हँडसेटची स्वतःची ओळख, दिसतो. तो आजच वहीत लिहून ठेवावा. फोन हरवला तर आधी सीम कंपनीला कळवून सीम बंद करावे, बँकेला सांगून यूपीआय थांबवावे, आणि दुसऱ्या फोनवरून आपल्या गुगल खात्यात शिरून हरवलेला फोन कुलूपबंद करावा. पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी, त्याच क्रमांकाचे नवे सीम घ्यावे, आणि मग केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ या सेवेवर आयएमईआय नोंदवून हँडसेट रोखावा. असा हँडसेट देशातल्या कोणत्याही सीमवर चालत नाही. फोन परत मिळाल्यावर तेथेच जाऊन तो पुन्हा सुरू करून घेता येतो.